अठरा पावलांवरची भाऊबीज

माझ्या भावाला मी भाऊबीजेला अठरा पावलांवरून ओवाळत असे.

अंगणाच्या एका टोकाला मी तबक घेऊन उभी आणि दुसऱ्या टोकाला अण्णा टोपी घालून पाटावर बसलेला. बसण्यापूर्वी तो बोट ओलं करून हवेत धरायचा. वारा माझ्याकडून त्याच्याकडे वाहतो आहे अशी खात्री झाली, की लांबूनच हुकूम सुटायचा, "हं, पेटीव आता निरांजन." शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन तोंडाला पदर लावायच्या. "भावाला ओवाळतीस का आगगाडीला निशाण दावतीस गं, कमळाक्का?" असं एकीनं विचारलं होतं. ओवाळणीसुद्धा लांबूनच मिळायची. अण्णा रुपया फेकायचा आणि मी पदर पसरायची. नेम बहुधा चुकायचा, आणि मग तुळशीच्या मातीत रुपया शोधत आम्ही दोघं हसत बसायचो. तोवर मी निरांजन शांत केलेलं असे, म्हणून तो जवळ यायचा.

बेळगावच्या कॅम्पात अण्णाचा पेट्रोलनं कपडे धुण्याचा धंदा होता. साहेब लोकांचे लोकरी कोट आणि गावातल्या बायकांचे शालू पाण्यात घातले तर आटतात. पेट्रोलात डाग निघतो आणि कापडाचं अंग मोडत नाही. ही विद्या तो पुण्याच्या लष्कर भागात एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकला होता. त्याच्या केसांना, सदऱ्याला, टोपीलासुद्धा तो वास असायचा.

"कपड्यात बसलेली असती गं ती. दिसत न्हाय, पर असती," तो म्हणायचा.

ती म्हणजे पेट्रोलची वाफ. तिचं नाव घेणं तो टाळायचा. घरात एखादी तापट थोरली जाऊ असावी आणि तिच्याविषयी हळू आवाजात बोलावं, तसं तो बोलायचा. "वर जात न्हाय ती. पाण्यागत जमिनीसरशी उताराला लागती. तू म्हणशील, चूल लई लांब हाय. ती मोरीतनं कवाच चुलीपाशी पोचलेली असती." रिकाम्या डब्याला तो भरलेल्यापेक्षा जास्त भ्यायचा. भरलेल्यात पेट्रोल असतं, रिकाम्यात नुसती तीच असते, असं त्याचं म्हणणं. रिकामे डबे झाकणं घट्ट लावून सावलीत एका ओळीत ठेवलेले असायचे, आणि जाता येता तो त्यांच्याकडे संशयानं पाहायचा.

भेटलेल्या माणसाला लोक "कसं काय" विचारतात. अण्णा विचारायचा, "वारा कुठला?" वरातीत, मयताला, बाजारात, कुठेही. समोरचा गोंधळला तर बोट ओलं करून स्वतःच उत्तर देऊन मोकळा व्हायचा.

दुकानाच्या फाटकाशी त्यानं एक कोनाडा बांधून घेतला होता. देवळात शिरताना चपला काढतात, तशा तिथे काड्यापेट्या, विड्या, चुरूट काढून ठेवायचे. चपलाही काढायच्या, कारण तळाला नाल असतात आणि नाल फरशीवर घासला की ठिणगी उडते. आत सगळं पितळेचं नाहीतर लाकडाचं. कपडे धुण्याच्या टबाला तांब्याची तार बांधून ती ओल्या जमिनीत पुरलेली होती. रेशीम आणि लोकर पेट्रोलात चोळायची नाही, नुसती बुडवून हलवायची, कारण कोरड्या हवेत चोळलेल्या कापडातूनसुद्धा ठिणगी निघते. हे सगळं तो गिऱ्हाइकाला कोट घेण्याआधी ऐकवायचा. गिऱ्हाईक कोट टाकून पळायला पाहायचं, पण कोट इतके सुरेख निघायचे की पुन्हा यायचंच.

एकदा एक मेजरसाहेब तोंडात पेटता चुरूट घेऊन फाटकातून आत शिरू लागला. कॅम्पात त्या काळी साहेबाला अडवायचं धाडस कोण करणार? अण्णा अनवाणी पुढे झाला, वाळूनं भरलेलं पितळी ताट त्याच्यासमोर धरलं आणि म्हणाला, "साहेब, फायर औट, यू इन." साहेबानं त्याच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, चुरूट वाळूत खुपसला आणि बूटसुद्धा काढले. हा प्रसंग मी शिकवत असे त्या शाळेत मुलींना निदान दहा वेळा सांगितला असेल. आमचं माहेर निपाणीचं. तिथे पोरगा चालायला लागायच्या आधी तंबाखूचा वास ओळखतो. त्या गावच्या माणसानं साहेबाचा चुरूट विझवावा, याचं मला फार अप्रूप वाटे. निपाणीकर मात्र म्हणायचे, "ह्यो आमचा न्हवंच. कुठनं तरी बदलून आलाय."

इतक्या वर्षांत अण्णाच्या अंगणात काडीएवढीसुद्धा आग लागली नव्हती. त्याला पैशाचा गर्व नव्हता, कामाचाही फारसा नव्हता. गर्व होता तो एवढाच. पेट्रोल बाळगायचा परवाना त्यानं काचेत घालून देवाशेजारी टांगला होता.

एका फाल्गुनात मात्र आग लागली.

पूर्वेचा कोरडा वारा चार दिवस सुटला होता. शाळेतून येताना मला कॅम्पावर धूर दिसला आणि मी धावत गेले. अंगणात कोट आणि ओली घोंगडी पसरलेली, टबावर झाकण, सगळीकडे वाळू. शेजारचा गवळी घागर घेऊन उभा होता आणि अण्णा त्याच्यावर ओरडत होता, "पाणी नगं म्हणतो न्हवं! पाण्यावर तरंगत जाती ती! वाळू आण!" आग विझली होती, पण अण्णाची तालीम संपली नव्हती. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, काळवंडलेल्या तोंडानं वाळूच्या बादल्या ओतत होते. ते जवळच टपालकचेरीत कारकून होते, आणि आगीच्या वेळी योगायोगानं तिथे आले होते, असं मला कळलं. माणसं वाचली, साहेबांचे कोट वाचले. एक शालू गेला. आणि पेटत्या टबावर झाकण ठेवताना अण्णाचे दोन्ही तळवे भाजले.

दुसऱ्या दिवशी परवान्याचा साहेब चौकशीला आला. मी तिथेच होते. अण्णा पट्ट्या बांधलेले हात पुढे धरून उभा राहिला.

"आग कशी लागली?"

"चूक माझी, साहेब. शालू चोळला मी. ठिणगी पडली."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. साहेबालाही तसंच वाटलं असावं. त्यानं पुन्हा विचारलं. अण्णानं पुन्हा तेच सांगितलं. "मोरीच्या तोंडावर ओलं पोतं टाकायचं असतं. तेबी वाळलं हुतं. चूक माझीच."

परवाना गेला. काचेची चौकट मात्र त्यानं देवाशेजारीच ठेवली, रिकामी.

पुढे तो मोटारींच्या कारखान्यांत जाऊन बसायचा आणि डबे कसे ठेवावेत ते पोरांना फुकट शिकवायचा. पोरं त्याला तोंडावर म्हणायची, "अण्णा, शालू चोळून दुकान पेटिवलंस की रं तू. आमाला काय शिकिवतोस?" तो हसायचा. "म्हणूनच सांगतोय न्हवं? वारा कुठला हाय बघ आधी." त्याच्या हसण्याचा मला राग यायचा. जो माणूस जगाला चोळू नको म्हणून सांगत आला, त्यानंच चोळावं! दोन वर्षं मी त्याच्याशी थोडी तुटक वागले.

आगीनंतरची पहिली भाऊबीज मात्र वेगळी झाली. धंदा बंद, वास गेलेला. अण्णा नवा सदरा घालून आला आणि पाट थेट माझ्यापुढे ओढून बसला. मी विचारलं, "वारा कुठला?" तो म्हणाला, "आता कुठलाबी असू दे गं." पहिल्यांदा मी त्याला जवळून ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात त्याच्या तळव्यांची नवी, गुलाबी कातडी दिसत होती. त्याचे डोळे पाणावले, तेव्हा म्हणाला, "तुपाचा धूर हाय." आमचे हे त्या दिवशी दारातच उभे राहिले. आत आले नाहीत. ह्यांनी विडी सोडली ती त्याच वर्षी. माझ्या बोलण्यामुळे सोडली, असं मी गल्लीभर सांगत फिरले.

या श्रावणात अण्णा गेला. गेलेल्या जागी दिवा ठेवतात, तो लावायला मी ह्यांच्या हाती काड्यापेटी दिली. ह्यांना काडी ओढवेना. दोनदा प्रयत्न केला, मग काड्यापेटी खाली ठेवून तिथेच बसले आणि सांगू लागले.

त्या दिवशी हे कचेरीतून सुटून अण्णाच्या मागच्या गल्लीत आले होते. कोपऱ्यावर उभं राहून विडीला काडी लावत होते, तेवढ्यात मागचं दार उघडून अण्णा समोर. "या की, पावणं!" आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर विडी ओढत नाहीत, आणि अण्णा तर मला बापाच्या ठिकाणी. ह्यांनी लाजून विडी मुठीत लपवली आणि पेटती काडी पाठीमागे टाकली. पाठीमागे मोरी होती. ती तिथवर आलेली होती.

"ज्वाळा माझ्या देखत मोरीतनं आत पळत गेली," हे म्हणाले. "विझवून झाल्यावर मी म्हटलं, अण्णा, साहेबाला मी खरं सांगतो. तर म्हणाले, तुमची सरकारी नोकरी हाय, पावणं. त्या नोकरीवर आमची कमळी जेवती. आणि पोतं माझं वाळलं हुतं, ती चूक माझीच. तुम्ही मान राखला माझा, त्यात काय गुन्हा?"

मला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. हे ती जन्मभर पाळणार होते. काडीनं पाळू दिली नाही.

भाऊ नसलेल्या बहिणी भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. यंदा मी ओवाळलं. दिवेलागणीला द्वितीयेची कोर अंगणावर आली, तेव्हा मी तबक घेऊन उभी राहिले. काडी ह्यांनी ओढली, त्या फाल्गुनानंतरची पहिली. शेजारी वाळूची बादली त्यांनीच आणून ठेवली होती.

अंतर चांगलं होतं. अण्णाला पसंत पडलं असतं. तरी निरांजन लावण्याआधी मी बोट ओलं केलं आणि वारा कुठला आहे ते पाहून घेतलं.