गालिच्यावर पाय ठेवायचा नाही

गाणी लावल्यावर आवाज घुमू नये म्हणून नवऱ्याने बाहेरच्या खोलीत नायलॉनचा जाड गालिचा अंथरला, आणि त्या दिवसापासून घरातली शांतता गेली. हवा कोरडी, गालिच्यावरून चालत जाऊन कोणी टेपच्या ॲम्प्लिफायरला बोट लावलं की चट्कन ठिणगी उडायची आणि यंत्र मुकं व्हायचं. दुसऱ्या दुरुस्तीला मेकॅनिकने बजावलं, यंत्राआधी दुसऱ्या कुठल्या लोखंडाला हात लावा, खोलीत जरा ओल राहू द्या, आणि पुन्हा जळलं तर सुटा भाग मिळणार नाही. नवऱ्याने यातलं शेवटचं तेवढं लक्षात ठेवलं आणि गालिच्यावर चालायलाच बंदी घातली. गॅलरीची वाट त्यावरूनच जायची, म्हणजे कपडे वाळत घालणंही बंद. बायको नुसते दातओठ खात होती.

त्यात तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. गेलेल्या आईचा आवाज असलेली एकुलती एक कॅसेट तिला ट्रंकेत सापडली होती. लहानपणी दोघी टेपरेकॉर्डरशी खेळताना चुकून भरला गेलेला आवाज. ती घेऊन बहीण लगेच इकडे निघाली होती.

"आज नको," नवरा म्हणाला. "हवा बदलली की लावू."

"माझी आई हवा बघून बोलत नव्हती."

"अगं, पण यंत्र..."

"यंत्राच्या जिवाला जपा तुम्ही. मी धुणं घेऊन कुठे जाऊ, तेही सांगा."

उत्तराची वाट न बघता तिने खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी ताणली आणि बादलीतल्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथेच वाळत घातले. यंत्रावर पाणी ठिबकू नये म्हणून नवरा त्यावर आडवा झाला, तेव्हा त्याच्याही खांद्यावर एक ओला टॉवेल पडला.

बहीण आली तोवर खोली चांगली दमट झाली होती. चादरी सारत, गालिचा तुडवत ती थेट यंत्रापाशी गेली आणि तिने कॅसेट घातली. भावोजींनी डोळे मिटले.

ठिणगी उडाली नाही. मेकॅनिकचं ओलीबद्दलचं बोलणं नवऱ्याला आता आठवलं. ते त्याने गिळलं.

आधी खरखर, मग दोन पोरींची खुसखुस, आणि मग आईचा खणखणीत आवाज आला. "ओले कपडे घरात कोणी घातले गं? भिंतींना बुरशी धरेल. डोकं ठिकाणावर आहे का?"

दोघी बहिणींनी एकाच चादरीला डोळे पुसले.

"आई, मी नाही," टॉवेलखालून नवरा हळूच म्हणाला.

"चहाड्या करू नका," बायको म्हणाली आणि तिने पुन्हा ऐकायला कॅसेट मागे फिरवली.