नऊ लिटर कूलंट

गाडीतलं इंजिन थंड ठेवणारं कूलंट आपणच बदलावं असं मला रविवारी सकाळी वाटलं. वाटल्याबरोबर मी कूस बदलून परत झोपलो असतो तर पुढचं काही घडलंच नसतं.

गाडी माझी नव्हती, सासऱ्यांची होती. जावयाला ती ते फक्त बघायला देतात. पण सोमवारी बायकोची मुलाखत होती. शेजारच्या शहरातल्या एका मोठ्या गोदामात, व्यवस्थापकाच्या जागेसाठी. कित्येक वर्षं ती अशा जागेची वाट बघत होती. बसमध्ये उभी राहून, चुरगळलेल्या कपड्यांनी तिला तिथे जावं लागू नये म्हणून सासरे गाडी घेऊन शनिवारीच आमच्याकडे मुक्कामाला आले होते.

चहा घेताना ते म्हणाले, "येताना इंजिन जरा तापलं बरं का. कूलंट जुनं झालंय. उद्या निघताना मेकॅनिकला दाखवू."

"मेकॅनिक कशाला?" मी म्हणालो. "मी आहे की!"

बायको चहा गाळत होती. तिचा हात तसाच थांबला. "अहो, नको," एवढंच ती म्हणाली. पण ज्या सुरात म्हणाली, त्या सुराने कुठल्याही नवऱ्याला स्फुरण चढलं असतं.

शिवाय प्रश्न अंदाजाचा होता. मी बांधकाम खात्यात अंदाजपत्रकाचा कारकून आहे. नाल्याला सिमेंट किती लागेल, भिंतीला रंग किती लागेल, हे सांगण्यात माझी हयात गेली. (ते नाले पुढे अर्धेच राहतात ही गोष्ट वेगळी. तो सिमेंटचा दोष.)

"पण हिला कूलंट किती लागतं ते बघायला हवं," सासरे म्हणाले. "गाडीचं पुस्तक घरी राहिलंय."

"पुस्तक लागतंय कुणाला, बाबा? साधा हिशेब आहे. जेवढं बाहेर पडेल तेवढंच आत जाणार!"

सासऱ्यांनी मान डोलावली. जावयाच्या बोलण्यावर त्यांनी मान डोलावल्याचं हे पहिलंच उदाहरण, त्यामुळे मी जरा हवेत गेलो.

इंजिन थंडगार होतं. रेडिएटरच्या तळाचं प्लॅस्टिकचं बूच सैल केलं, खाली बादली ठेवली. हिरवी बारीक धार सुरू झाली. ती संपायला वेळ लागणार म्हणून मी आंघोळ उरकून घ्यायला गेलो. (प्रयोग चालू असताना शास्त्रज्ञाने आंघोळीला जाऊ नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.)

परत आलो तर बादली काठोकाठ! लिटरच्या बाटलीने मोजलं. नऊ. बूच परत घट्ट बसवलं आणि पिशवी घेऊन थेट सुट्या भागांचं दुकान गाठलं.

"नऊ लिटर?" दुकानदार म्हणाला. "ट्रक आहे का?"

"छे, छोटी गाडी आहे."

"छोटा ट्रक?"

"अहो, चार माणसांची गाडी! मी स्वतः मोजून आलोय."

त्याने लिटर-लिटरचे नऊ डबे काढून दिले आणि मी रस्ता ओलांडेपर्यंत तो माझ्याकडे काळजीने बघत राहिला.

चार डबे गाडीने निमूटपणे घेतले. पाचवा थोडा कुरकुरत घेतला. मग कूलंट तोंडाशी येऊन थांबलं ते थांबलंच.

"हवा अडकलीय," मी जाहीर केलं. रबरी नळ्या दाबल्या. दोन बुडबुडे आले, पण पातळी तसूभरही हलली नाही.

"जावईबापू, तिचं पोट भरलं असेल," सासरे हळूच म्हणाले.

"बाबा, नऊ म्हणजे नऊ! नाक वर केलं की हवा निघेल."

मग गाडीची पुढची चाकं अंगणाच्या उतरणीवर चढवायचं ठरलं. सासरे आत बसून ब्रेक सांभाळत होते आणि मी व बायको मागून ढकलत होतो. गाडी चढली. मी सहावा डबा ओतला. तो जसाच्या तसा माझ्या पायांवर आला.

तेवढ्यात माझी आई दारात आली. "अरे, लादी पुसायचं ते औषध कुठे ठेवलंस? माझी मागची खोली राहिलीय."

"कुठलं औषध, आई?"

"त्या गाडीखालच्या बादलीतलं, हिरवं. फार घट्ट वाटलं म्हणून नळाखाली धरून पातळ केलं. पुढची खोली पुसून झाली, मग बादली होती तिथे परत ठेवली."

गाडीतून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. "मीही सकाळी काचा पुसल्या. फडका त्यातच पिळला. म्हटलं, घाण पाणीच दिसतंय."

म्हणजे माझ्या नऊ लिटरांत थोडं कूलंट, पुष्कळसं नळाचं पाणी, काचांवरची धूळ आणि आमच्या पुढच्या खोलीचा केर होता. (आमच्या खात्यात याला 'इतर किरकोळ' म्हणतात.)

बायको ना हसली, ना चिडली. "आई, पुढच्या खोलीचं दार लावा, मांजर आत जाईल, ते औषध विषारी असतं. ती लादी मी धुते. बाबा, गाडी खाली घ्या. आणि अहो, गाडी भरलीय. आता तिला हात लावायचा नाही."

मी खरंच लावणार नव्हतो. पण कूलंट टाकीवरच्या खुणेच्या बोटभर वर होतं, आणि ते बोट मला दिवसभर टोचत राहिलं. उद्या बायकोच्या वाटेत काही होऊ नये, एवढंच मनात होतं. संध्याकाळी सगळे आत असताना, तेवढं जास्तीचं काढावं म्हणून मी तळाचं बूच हळूच फिरवलं. फिरेना. जरा जोर लावला. बुचाचे आटे तुटले आणि ते माझ्या हातात आलं. नऊ लिटर नसेल, पण जे काही होतं ते सगळं अंगणात वाहून गेलं. बुचाशिवाय उरलेले तीन डबे ओतून उपयोग नव्हता, आणि नवं बूच आणायला दुकान बंद झालं होतं.

मला मनापासून रडू आलं. मी जाऊन बायकोला सांगितलं. ती कपड्यांना इस्त्री करत होती. इस्त्री बंद करून म्हणाली, "आता घडी जपून उपयोग नाही. बसच आहे."

सोमवारी मी रजा काढून घरात येरझारा घालत होतो. सासऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. दुपारी उशिरा ती आली. कपडे चुरगळलेले, केस विस्कटलेले, आणि चेहरा फुललेला.

"जागा मिळाली!"

"मिळाली? बसने जाऊनसुद्धा?" मी उडालोच.

"त्यांनी विचारलं, हाताखालचा माणूस सांगूनही ऐकत नाही, ऐन वेळी सगळं काम बिघडवतो, अशा वेळी तुम्ही काय करता? मी कालची सगळी हकिगत सांगितली, फक्त आपलं नातं सोडून. सगळे पोट धरून हसले. मग मोठे साहेब म्हणाले, एवढं होऊनही तुम्ही त्या माणसाला काढून टाकलं नाही?"

मी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, इलाज नाही, साहेब. तो कायम झालाय."