पातळी वाढती

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ऑफिसात खुर्च्या आल्या, पाटी आली, गोल शिक्का आला. पाणी तेवढं आलं नाही. टंचाई शाखेचा कारकून गुरुबसप्पा दिवसा विहिरी मोजायचा आणि रात्री गच्चीवरून तारे. वेधशाळेतल्या एका शास्त्रज्ञांना तो दरमहा टिपण पाठवी. ते उलट टपाली उत्तर देत, आणि त्या उत्तरावर हा गडी महिना काढी. ऑफिस मात्र त्याला 'जोतिषी' म्हणायचं.

"कुंडली न्हाई बघत मी! वेध घेतो, वेध!"

"तेच की," शिपाई भीमा म्हणायचा. "माझ्या पोरीचं लग्न कवा जमतंय, तेवढा वेध घ्या."

मार्चात त्यानं तगरवाडीच्या विहिरीचा अहवाल लिहिला. औशाजवळचं हे गाव त्याच्या थोरल्या बहिणीचं, रत्नम्माचं. अख्ख्या गावाला ती एकच विहीर, आणि पाणी रोज चार बोटं खाली. त्यानं वीस दिवसांचे आकडे काढले होते. त्याच दुपारी ताऱ्याचं टिपणही झालं: 'सिंह. तेजाची पातळी वाढती. आकाश उत्तम.' तगरवाडीला टँकर मागणारं साहेबांच्या सहीचं पत्र पाकिटात तयार होतं. आत नुसता अहवाल सारायचा होता. दोन्ही कागद त्यानं भीमाच्या हाती दिले, आणि तिथंच माशी शिंकली.

पंधरा दिवसांत वरच्या ऑफिसचं उत्तर आलं. इतकं लवकर उत्तर शाखेत कुणी पाहिलं नव्हतं. 'तगरवाडी येथील सिंह नामक विहिरीची पातळी वाढती असल्याचे वाचून समाधान वाटले. सबब टँकरची आवश्यकता दिसत नाही.'

"भीमा! कोणत्या पाकिटात काय घातलंस रे?"

"दोन्हीवर पातळीच लिव्हलं व्हतं की! मला काय म्हाईत कुणाची कोणती?"

गुरुबसप्पा साहेबांकडे धावला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आता वाढलेली पातळी कमी कशी करायची? नवी पाहणी, नवा अहवाल. दोन महिने धरा."

"साहेब, तवर मानसं काय पितील?"

"ते तारे मोजताना आठवायचं होतं."

दोन दिवसांनी वेधशाळेचं पत्र आलं. 'विहिरीचा कागद चुकून आला असावा. तरी पूर्ण वाचला. नोंदी चोख आहेत. याच वेगाने पाणी उतरल्यास विहीर अठरा एप्रिलला कोरडी पडेल. त्याआधी तिथे पाणी पोचवा.' गुरुबसप्पाचे डोळे भरून आले. ज्याचं ते काम नव्हतं, त्या माणसानं कागद वाचला होता. पत्र घेऊन तो पुन्हा आत गेला. साहेबांनी समासात लिहिलं, 'ज्योतिषाच्या आधारे टँकर देता येत नाही.'

"साहेब, हे खगोलशास्त्र हाय."

"एकच ते."

अठरा एप्रिलला रत्नम्मा गावच्या बायका घेऊन ऑफिसात आली. "गुरू, सकाळी घागर खडकावर आपटली बघ. गाळबी न्हाई खाली."

भीमानं कॅलेंडर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आगं माय! अठराच सांगितलं व्हतं!" तो तसाच साहेबांच्या खोलीत पळाला.

साहेबांनी गुरुबसप्पाला आत बोलावलं, दार लोटलं आणि ड्रॉवरमधून पत्रिका काढली. "अठरा म्हणजे अठराच! बसा हो, बसा. माझी पुण्याला बदली कधी होते, जरा बघा."

गुरुबसप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. "साहेब, मी जोति—" म्हणता म्हणता त्याला दाराच्या फटीतून पायरीवर बसलेली अक्का दिसली. रिकामी घागर तिच्या मांडीवर होती.

त्यानं पत्रिका हातात घेतली. उलटी की सुलटी, तेही कळत नव्हतं. "शनी आडवा आलाय," तो म्हणाला. "उपाय हाय. तहानलेल्याला पाणी. टँकरच्या रोज दोन खेपा, पाऊस पडेस्तोवर."

साहेबांनी तिथल्या तिथं सही ठोकली. वर विचारलंसुद्धा नाही.

त्या महिन्यात गुरुबसप्पाचं टिपण वेधशाळेला गेलं नाही. त्यापुढच्याही नाही. काय तोंडानं लिहिणार? शेवटी शास्त्रज्ञांचंच पत्र आलं, तब्येत बरी आहे ना, म्हणून. पण त्याच्या टेबलापुढे पत्रिका घेऊन सातजण उभे होते, त्यामुळे ते पाकीट त्याला ऑफिस सुटेपर्यंत फोडता आलं नाही.