माणशी किती?

खैरनारभाऊंना जेवायला बोलावलं की पाहुणचार कमी आणि पंचनामा जास्त. पहिला घास तोंडात जायच्या आधी विचारणार, "वहिनी, गेल्या तीस दिवसांत तूरडाळ किती लागली? अंदाजे नको, आठवून सांगा." माझी बायको एकदा भडकली, "मी काय कोर्टात उभी आहे का?" भाऊंनी शांतपणे आमटीकडे पाहिलं. "दीड किलो. पातळ करता तुम्ही."

नाशिकच्या आमच्या पाहणी कचेरीत ते अन्वेषक होते. घरोघर जायचं, कोण काय खातं ते विचारायचं, तक्ता भरायचा. मी तो तपासायचो. गरिबी हटली की नाही, हे वरच्यांना त्यावरून कळायचं म्हणे! भाऊंच्या पिशवीत ताणकाटा असे. म्हातारी म्हणाली 'मूठभर', की तिची मूठ काट्यावर. मनमाडला एका पंगतीत नवरदेवाचे लाडू मोजले म्हणून मार खाता खाता वाचले. त्यांची बायको वारल्यावर तरी हे खूळ सुटेल असं वाटलं होतं. कसलं काय!

बहात्तरच्या दुष्काळानंतर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर त्यांनी ठकूबाईचं घर लिहून घेतलं होतं. सात माणसं, नागलीची पेज, तीही एक वेळ. आठ वर्षांनी त्याच घरांत पुन्हा जायचं निघालं, तेव्हा मीही सोबत गेलो.

"आता दोन टायम भाकर हाय," ठकूबाई म्हणाली. भाऊ हरखलेच. महिन्याची नागली काढली, तर ती पहिल्याइतकीच. भाऊ बुचकळ्यात पडले. "घरात माणसं किती?"

"चार. तीन पोरं जुलाबानं गेली, एकाच पावसाळ्यात." चुलीतलं लाकूड आत सारत ती म्हणाली, "आता पुरतं, सायेब. खाणारीच नाय राह्यली."

परतताना एसटीत भाऊ तिकिटाच्या पाठीवर भागाकार करत बसले. नागली तेवढीच, पण साताऐवजी चारांनी भागली की माणशी जवळजवळ दुप्पट. तक्त्यात ते घर चक्क सुधारलं होतं.

दुसऱ्या दिवशी तक्ता माझ्या टेबलावर आला. माणसं सात. तिन्ही पोरांची नावं होती, वयं आठ-आठ वर्षांनी वाढवलेली.

"भाऊ, चारच होती ना?" मी लाल पेन्सिल उचलली. "साहेब फाडून खातील."

"चार लिहिलं की त्या घराची सुधारणा होते." त्यांनी चष्मा पुसला. "तशी माझ्याही घरी झालीय. ही गेल्यापासून माणशी दुप्पट डाळ. रोज उरते."

मी पेन्सिल खाली ठेवली आणि 'तपासले, बरोबर' लिहून सही ठोकली. संध्याकाळी त्यांना ओढतच घरी जेवायला नेलं. बायकोनं मुद्दाम आमटी घट्ट केली होती. भाऊ खाली मान घालून जेवले. आम्ही दोघं वाट बघत राहिलो, पण त्यांनी काही विचारलं नाही.