नवरदेव गाडीतून उतरेना!

"मामा, तुमच्या गाडीचे लॉक म्हणजे माह्यासाठी चिल्लर काम! अख्ख्या उमरेडच्या मोटारी भरतो मी!" अंगाला हळद लागलेली असतानाच जागेश्वरनं छाती फुगवून जाहीर केलं. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा हा नवरदेव! धोंडबामामांची गाडी होती जुनी, परदेशी, कुण्या साहेबाकडून घेतलेली. बटन दाबलं की चारही दारं बंद, काचाही बटनावरच. फक्त मागचं एक दार ऐकत नसे. जागेश्वरनं दारं आतून उचकटली, काचेलगतच्या, हातानं लॉक उघडायच्या खुंट्या काढून ठेवल्या, ही वायर त्या वायरीला जोडली आणि चारही दारं खटकन लागली! उघडलीही! आणखी काय पाहिजे?

वरात इतवारीत मुलीच्या मांडवाशी पोचली; गाडीत मामा आणि नवरदेव. बँड जोरात. मामांनी आनंदाच्या भरात हॉर्न दाबला. खटाक! चारही दारं लागली. पाठोपाठ फट्ट झालं, जळका वास आला आणि सगळी बटनं मेली. काच खाली होईना, दार उघडेना.

"खुंटी वर ओढ न बे!" मामा ओरडले.

खुंट्या उमरेडला, खिडकीत, हळदीच्या वाटीशेजारी! जागेश्वरच्या तोंडचं पाणी पळालं.

आता, माणूस गाडीत अडकला म्हणून एवढा घाबरतो का? नाही! आमच्याकडे नवरदेव गाडीतून उतरला नाही, तर त्याचा अर्थ एकच. रुसला! काहीतरी पाहिजे! आणि मुलगी पाहायला गेला तेव्हा शाळेत मास्तरीण असलेल्या गोपिकेनं तोंडावर विचारलं होतं, "काय मागणार तुम्ही?"

"नारळ अन् मुलगी! बस!"

"शब्द फिरवला, तर मी मांडवातून उठून जाईन."

आणि ती उठली असती! अन् जागेश्वरला तर ती फार म्हणजे फारच आवडली होती!

सासरे चंपतराव हार घेऊन पुढे आले. जन्म हातमागाच्या खटखटीत गेलेला, कानानं अधू, त्यात बँड!

"उतरा न जावईबापू!"

जागेश्वरनं मनगटानं काच ठोकली. चंपतरावांनी ते मोकळं मनगट पाहिलं.

"घड्याळ होय! घ्या न!" त्यांनी स्वतःचं काढून काचेला लावलं.

जागेश्वरनं घाईघाईनं दोन्ही हात हलवले.

"पसंत नाही वाटते," मागून एक काकू म्हणाली.

मग त्यानं मूठ हवेत फिरवून दाखवलं, की बाबांनो, कुलूप! कुलूप अडकलं!

"स्कूटर!" सगळी वरात एका आवाजात ओरडली.

चंपतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. काचेला तोंड लावून ते म्हणाले, "देतो बापू. मोठा माग विकतो. पण उतरा."

"मामा, ते माग विकून राहिले न! काही करा!"

"काय करू? मीबी अंदरच आहो!"

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. मुंडावळ्या बांधलेली गोपिका तरातरा येत होती. हातात नारळ. बँडही घाबरून थांबला. ओरडायची हीच वेळ होती, पण जागेश्वर 'कु...' म्हणेपर्यंत ती दाराशी पोचलीही!

"नारळ अन् मुलगी न?" ती कडाडली. "मुलगी ही उभी आहे. अन् हा घ्या नारळ!"

दारावर नारळ असा आदळला की त्याची दोन भकलं झाली! दाराच्या पोटात काहीतरी खळ्ळकन पडलं, दार उघडलं आणि जागेश्वर नारळपाण्यात, तिच्या पायाशी कोसळला.

"कुलूप! कुलूप अडकलं होतं! मले नको घड्याळ, मले नको स्कूटर!"

गोपिकेनं आत वाकून पाहिलं. जळका वास आला.

"हे कोणी दुरुस्त केलं?"

आतून मामांनी मुकाट्यानं भाच्याकडे बोट दाखवलं. गोपिकेच्या ओठांवर हसू फुटलं, तेव्हा कुठे चंपतरावांनी घड्याळ परत मनगटावर बांधलं.

लग्न लागलं. संध्याकाळी पाठवणीच्या वेळी जागेश्वरनं गाडीचं दार ऐटीत उघडून धरलं. "बसा. आता काही भेव नाही. मी पुन्हा दुरुस्त केलं सगळं!"

गोपिका बसली. ओटीतला नारळ काढून तिनं हातात घट्ट धरला.

"हा काहून?"

"तुम्ही दुरुस्त केलं न," ती म्हणाली, "म्हणून."