जांभूळपाण्याला एक खून हवा

मुलांनो, हाताची घडी घाला, तोंडावर बोट ठेवा आणि ऐका. दोन्ही एकदम जमत नसेल तर नुसतं ऐका.

एका जंगलात रोज कोणी ना कोणी कोणाला तरी खात असे. त्याचं कोणालाच काही वाटत नसे. पाणवठ्यावर एखादा कमी दिसला, की उरलेले म्हणत, "चला, आज पाणी जरा जास्त मिळेल."

मग तिथल्या सांबरपंतांनी एक कथासंग्रह काढला. नाव 'मुक्काम आणि मुडदा'. बारा लेखक, बारा प्रवास, बारा खून. पंतांचा नियम कडक होता. गोष्टीत प्रवास हवा, परक्या गावी मुक्काम हवा आणि सकाळच्या चहाच्या आत मुडदा हवा. घरच्या घरी झालेला खून ते साभार परत करत. पसंत कथा ते उजव्या शिंगाला टांगत, नापसंत डाव्या. त्यामुळे पंतांची मान कायम डावीकडे कललेली असे.

संग्रह वाचून जंगल खुळावलं. ज्यांच्या सख्ख्या आजोबांना वाघाने खाल्लं होतं, तेही कागदावरच्या भेकराच्या खुनाने चळचळा कापू लागले. आणि नुसते कापून थांबले नाहीत. पुस्तक काखेत मारून त्या त्या जागा बघायला निघाले. हरणं तर सहकुटुंब निघाली.

"हीच ती दरी बरं का. इथूनच भेकराला ढकललं. बाळ, जरा कडेला उभा राहा, म्हणजे अंदाज येईल."

सगळ्यांत चांदी झाली तरसीणबाईंची. वाकड्या खिंडीत त्यांची मुक्कामाची खानावळ होती. तिथे आमटीत डाळ शोधावी लागे. अंथरुणात पिसवा शोधाव्या लागत नसत. पण बारांपैकी तीन खून तिथेच झालेले! आता खिंडीत रांग लागली. मुडद्याची खोली पुढच्या होळीपर्यंत भरलेली होती.

आणि जांभूळपाण्याला साळिंदरराव आणि साळूबाई या जोडप्याची खानावळ होती. जमीन आरशासारखी. आमटी अशी, की वाटी चाटून पुसून परत यावी. पण वाटी चाटणारं कोणी येईना. कारण तिथे आजवर एकही मुडदा पडला नव्हता. पंचायतीने निकाल दिला, की दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर जागा तरसीणबाईंना मिळेल. तरसीणबाई लगेच येऊन स्वयंपाकघर पावलांनी मोजून गेल्या.

"इथे मी सामान ठेवीन," त्या म्हणाल्या. "माझ्या गिऱ्हाइकांच्या वळकट्या फार होतात हो."

साळिंदररावांच्या वडिलांनी ही चूल मांडली होती. ते काटे पाडून बसले.

"अहो, बसलात काय?" साळूबाई म्हणाल्या. "पंतांकडे जा आणि एक खून मागून आणा."

साळिंदरराव गेले.

"पंत, आमच्याकडे एक खून घाला हो. लहानसा चालेल."

"हेतू?" पंतांनी विचारलं.

"आमचा? पोट चालावं, एवढाच."

"तुमचा नव्हे, खुन्याचा."

"ते तुम्हीच बघा. आम्हाला सवय नाही."

पंतांनी कललेली मान आणखी कलवली. "दुसऱ्या भागात एक जागा रिकामी आहे. मुंगूसरावांना पाठवतो. तरसीणबाईंकडचे तिन्ही खून त्यांचेच. पण ते मुक्काम केल्याशिवाय कोणाला मारत नाहीत."

साळूबाईंनी हे ऐकलं आणि पदर खोचला. "त्या पाणचट आमटीवर तीन खून? मग माझ्या आमटीवर सहा तरी करतीलच!"

मुलांनो, हा हिशेब नीट लक्षात ठेवा. भल्या घरांत असेच हिशेब होतात.

मुंगूसराव आले. काटकुळे, तांबरलेल्या डोळ्यांचे, जगावर रुसलेले. आल्याआल्या त्यांनी नाक उडवलं. "वाट घाण आहे. तुमचं तोंड संशयास्पद आहे. विष कुठे ठेवता?"

"विष नाही हो भावोजी," साळूबाई म्हणाल्या. "लिंबाचं लोणचं आहे. वाढू?"

पहिल्या दिवशी मुंगूसरावांनी तीन वाट्या आमटी घेतली. दुसऱ्या दिवशी पिठलं होतं, मागोमाग गरम भाकरी. तिसऱ्या दिवशी थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. मुंगूसराव लेखणी उचलत आणि साळूबाई ताट ठेवत. लेखणी खाली पडे.

इकडे बातमी फुटली आणि जांभूळपाण्याची जनता दाराशी लोटली.

"मला मारा," ससा म्हणाला. "पण पहिल्या पानावर. शेवटच्या पानापर्यंत कोण वाचतंय?"

"खुनी मीच," माकड म्हणालं. "आमच्या घराण्यात अजून कोणी काही केलेलं नाही."

कासव म्हणालं, "माझ्यावर नुसता संशय घ्या. आणि शेवटी 'कासव निर्दोष होते' असं ठळक अक्षरांत छापा. सासरचे वाचतात."

"सगळ्यांचं करू," मुंगूसराव ढेकर देत म्हणाले. एकवीस दिवस राहिले. आले तेव्हा कुंपणाच्या फटीतून आले होते. जाताना फाटक उघडावं लागलं.

पुस्तक आलं. सगळी जनता अंगणात जमली. साळिंदररावांनी घसा साफ करून वाचायला घेतलं.

कथेत एक गुप्तहेर जांभूळपाण्याला येतो. इथे खून होणार अशी त्याला पक्की खबर असते. तो वाट बघतो. कोणी मरत नाही. खुनी येतो, कनवटीला विषाची पुडी लावून. तो आमटीचा एक घोट घेतो, त्याला आई आठवते, तो पुडी चुलीत टाकतो आणि भात मागतो. गुप्तहेरही पानावर बसतो. शेवटचं वाक्य असं होतं: 'अशा पुण्यस्थळी गुन्हा घडणे त्रिकाळी अशक्य.'

"अगंबाई!" साळूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "माझ्या आमटीबद्दल किती छान लिहिलंय!"

मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर तसाच राहिला.

"म्हणजे मी जिवंत?" सशाने विचारलं. त्याला फार लागलं.

त्या दिवसापासून आधी चुकूनमाकून येणारेही येईनासे झाले. त्रिकाळी अशक्य तिथे बघायचं काय? दिवाळीला आठ दिवस उरले. तरसीणबाईंच्या वळकट्या येऊन ओसरीवर पडल्या.

आणि त्याच दुपारी मुंगूसराव पुन्हा हजर! कोणी बोलावलं नव्हतं. पोटावरून हात फिरवत ते पाटावर बसले.

"वहिनी, कथा चांगली उतरली ना? आज पिठलं होऊ द्या. लसूण जरा सढळ."

"चूल विझलीय," साळूबाई म्हणाल्या.

"मग पेटवा की."

मुलांनो, साळिंदरराव जन्मात कधी गिऱ्हाइकावर आवाज चढवून बोलले नव्हते. आताही बोलले नाहीत. त्यांनी फक्त पाठ फिरवली आणि सगळे काटे उभे केले. मुंगूसराव पाटावरून उठले ते थेट फाटकापर्यंत उडाले. मागून साळूबाई ओरडत होत्या, "एकवीस दिवस गिळलंत मेल्या, एक ससा मारवला नाही तुमच्याच्याने?"

मुंगूसराव वडाखाली थांबले. बसता येत नव्हतं, म्हणून उभ्यानेच लिहायला लागले. संतापाने लेखणी अशी पळाली, की दिवस मावळायच्या आत चौदा खून झाले. कथेत एक गोडबोला साळिंदर पाहुण्यांना काट्यांनी भोसकत होता आणि त्याची बायको शांतपणे आमटी ढवळत होती. ससा पहिल्याच पानावर मेला. पंतांनी दुसऱ्या आवृत्तीत जुनी कथा काढून हीच घातली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी जांभूळपाण्याला मुंगी शिरायला जागा राहिली नाही. पंचायतीने निकाल फिरवला. तरसीणबाई वळकट्या उचलून गेल्या. सशाने स्वतःच्या समाधीशेजारी पानसुपारीचं दुकान टाकलं.

एकच पंचाईत झाली. साळूबाईंनी पहिल्या पंगतीला नेहमीची आमटी वाढली, तर गिऱ्हाइकं बिथरली.

"ही कसली आमटी? ही तर चांगली आहे!"

"आम्ही एवढं चालून भ्यायला आलोय, बाई. जरा डोळे वटारून वाढा की!"

"आणि पिसवा कुठायत?"

तेव्हापासून साळूबाई आमटीत पाणी घालतात, ताट आपटतात आणि साळिंदरराव येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरगुरतात. धंदा जोरात आहे. दुपारी पंगती उठल्या, की दोघं स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतात, खिडकीला फडकं लावतात आणि डाळीची घट्ट, वाफाळती आमटी आवाज न करता पितात. कोणाला वास आला तर सगळं संपलं.

जांभूळपाण्याला आजवर खरोखर घडलेला गुन्हा तो एवढाच.

तात्पर्य: अतिथी देव असतो, पण तो लेखक निघाला तर त्याला पोटभर वाढू नये. तृप्त लेखक आशीर्वाद देतो, आणि आशीर्वादाची दुसरी आवृत्ती निघत नाही.