तोंड न पाहता मिश्र दुहेरी

वेनिंगच्या अंगभर हळदीचा लेप लावून झाला होता, नाकाचा शेंडा तेवढा उरला होता, आणि नेमका तेव्हाच कोह हेनचा फोन आला. कोह हेन म्हणजे तिचे बॅडमिंटनचे प्रशिक्षक. फोन आईने उचलला, कारण वेनिंगचं पिंगितान सुरू होतं. जावातली ही रीतच, लग्नाआधीचा आठवडा नवरीने उंबरठा ओलांडायचा नाही, आणि नवऱ्या मुलाचं तोंड पाहणं, त्याच्याशी बोलणं तर मुळीच नाही.

"बू मुर्नी, सोलो शहरातल्या स्पर्धेतून एक जोडी गळलीय. वेनिंग आणि दानंगला आयत्या वेळी जागा मिळाली. उद्या सामना!"

"दानंगबरोबर? अहो, नवरा मुलगा आहे तो!"

"तोच तिचा जोडीदार आहे ना! ह्याही वेळी पहिल्या फेरीत हरले किंवा आलेच नाहीत, तर जोडी फोडायची असा वरून हुकूम आहे."

आतल्या खोलीत वेनिंगने हे ऐकलं आणि ती लेपासकट दाराशी आली. डेन्मार्कपासून क्वालालंपूरपर्यंत मिश्र दुहेरी खेळून त्या दोघांनी नाव कमावलं होतं, आणि लग्न ठरल्यापासून ते धुळीला मिळवायचंही मनावर घेतलं होतं. कोर्टावर शटलच्या फुलावरून भांडायचे, दुसरं काय! "ते फूल माझं होतं!" "मग घ्यायचं होतंस!" असं चालू असताना समोरचे निवांत गुण घेऊन जायचे. तरीही दानंगशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर खेळायचं? लग्न मोडलं असतं तर ती एक वेळ रडून मोकळी झाली असती, पण जोडी मोडणं तिला सोसलं नसतं.

"आई, जाऊ दे ना गं," ती दारातून कळवळून म्हणाली.

"आत हो आधी! लेप गळतोय."

तोडगा काढला बुलिक तुमिनीने. ही आईची धाकटी बहीण. टीव्हीवरचा एकही सामना न सोडणारी. ती म्हणाली, "अगं ताई, मिश्र दुहेरीत मुलगी पुढे, जाळीशी. मुलगा मागे. हिने मान वळवली नाही तर तोंड दिसतंयच कुठे? मी जाते बरोबर राखण करायला."

आईने बराच विचार केला आणि अटी घातल्या. मागे बघायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही, मध्यंतरात पाठीला पाठ लावून बसायचं. कोह हेननी कपाळावर हात मारला असणार, पण फोनवर ते फक्त "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वेनिंग पिवळीधमक होऊन कोर्टावर उतरली. तीनदा अंग घासूनही हळद उतरली नव्हती. समोरच्या डॅनिश मुलीने पंचांना हळूच विचारलं, "हिला कावीळ तर नाही ना?" बुलिक पहिल्याच रांगेत शाल सावरून बसली होती, वेनिंगची मान जरा हलली की ती खाकरायची. मग वेनिंग निमूट जाळीकडे बघायची.

आणि काय सांगावं! दोघं असे खेळले की बघत राहावं. बोलायचंच नाही म्हटल्यावर भांडणार कुठून? दानंगच्या बुटांचा आवाज ऐकून वेनिंगला तो कुठे आहे ते कळायचं. तो धापा टाकायला लागला की ती जाळीपाशीच फूल अडवायची. इतक्या वर्षांत आपण ह्याचं नीट ऐकलंच नव्हतं, असं तिला वाटलं आणि उगाच भरून आलं.

पहिली फेरी जिंकली. पाठोपाठ बाकीच्या जिंकून ती दोघं अंतिम सामन्यातही पोचली. पण इकडे टीव्हीवाल्यांना वेगळाच सुगावा लागला. "ही जोडी एकमेकांकडे बघतसुद्धा नाही! नक्की काहीतरी बिनसलंय," असं निवेदक म्हणाला. हां हां म्हणता ते क्लातेनला वेनिंगच्या गल्लीत पोचलं. शेजारणी आईला धीर द्यायला आल्या. दानंगच्या आईने फोनवर हंबरडा फोडला, "पोरीनं टाकलं हो माझ्या लेकाला!" मंडपवाले पाक सारोनो तर न विचारता दोऱ्या सोडायलाच लागले, कारण त्यांना दुसरीकडे मागणी होती.

"अहो, पिंगितान आहे ते!" आई घसा फोडून सांगत होती.

"कोर्टावर कसलं आलंय पिंगितान, बू?" पाक सारोनो म्हणाले.

अंतिम सामन्याचा शेवटचा गुण. फूल वेनिंगच्या डोक्यावरून उंच मागे गेलं आणि दानंग भलत्याच कोपऱ्यात घसरून पडला होता. आता मागे वळल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "डोळे मीट!" बुलिक किंचाळली. वेनिंगने गर्रकन वळून, पळत जाऊन, गच्च डोळे मिटून रॅकेट फिरवली. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा फूल रेषेच्या आत पडलंय हे तिला कळलं. पुढच्याच क्षणी बुलिकची शाल तिच्या डोक्यावर आली. शाल ओढूनच तिने पदक घेतलं.

संध्याकाळी कोह हेन घरी हजर. मंडप अर्धा उतरलेला. दारात डोळे पुसत बसलेली दानंगची आई, बाहेर मोटारीत दानंग, आणि सगळी गल्ली जमलेली.

"जोडी कायम!" कोह हेन म्हणाले. मग आईसमोर हात जोडून उभे राहिले. "फक्त एक विनंती, बू. ही पद्धत फार गुणाची निघाली. पुढची मोठी स्पर्धा होईपर्यंत पिंगितान चालू ठेवाल का? लग्नाचं नंतर बघू."

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?" आई कडाडली. "आठवड्याची रीत आहे ती, जन्माची नाही!"

"पण दोघं बोलली की हरतात हो!"

"हरू देत!"

गल्लीत कुजबुज वाढली. लग्न पुढे ढकलतायत, म्हणजे मोडलंच की! दानंगच्या आईने पुन्हा सूर लावला. पाक सारोनोंनी उरलेल्या दोरीला हात घातला.

आतून वेनिंगला हे सगळं ऐकू येत होतं. तिला राहवेना. ती खिडकीशी गेली, पडदा ओढूनच ठेवला, आणि आठवड्याभराचा दम एकवटून ओरडली, "दानंग! दुसऱ्या गेममधलं ते डावीकडचं फूल का सोडलंस रे?"

गल्लीतल्या सगळ्या माना मोटारीकडे वळल्या.

"ते तुझं होतं!" मोटारीतून आवाज आला.

"माझं? कोर्टाच्या शेवटच्या टोकाला? तू काय झोपला होतास?"

"तू मध्ये उभी होतीस, खांबासारखी!"

"खांब? थांब, उद्या लग्न होऊ दे, मग दाखवते!"

कोह हेन डोकं धरून पायरीवर बसले. दानंगच्या आईने डोळे पुसले आणि चहा मागितला. वेनिंगची आई आता शांतपणे वळून म्हणाली, "पाक सारोनो, बांधा मंडप."